शिबिरभाऊ

काटोलात संत्रा आणि मोसंबीच्या खालोखाल सध्या कुणाचं पीक जोरात असेल, तर ते फोटोग्राफी शिकणाऱ्या माणसाचं. शिकणाऱ्या म्हणतोय, काढणाऱ्या नव्हे. काढणारे पूर्वीही होते. ते लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून उभे असायचे, शेवटच्या पंगतीला जेवायचे आणि अल्बम नवरीला पहिलं मूल झाल्यावर द्यायचे. शिकणारा पहिल्या पंगतीला बसतो, कारण त्याला काम काही नसतं.

आमच्या गल्लीत या जातीचा एक अस्सल नमुना आहे. त्याचं खरं नाव सांगत नाही. छापून आलं तर तो दुरुस्ती पाठवेल आणि दुरुस्तीला आपली सगळी प्रमाणपत्रं जोडेल. गाव त्याला शिबिरभाऊ म्हणतं. वय पंचेचाळीसच्या पुढे, मेन रोडवर कृषी सेवा केंद्र, जाम नदीच्या अंगाला पाच एकर संत्र्याचा बगिचा. दुकानात बसून तो कोळशी आणि डिंक्यावरची औषधं विकतो आणि विकता विकता गिऱ्हाइकाला शटर स्पीड समजावतो. "रोग ओळखाचा असन तं पानाचा फोटो पायजे, आन फोटो काढाचा असन तं एक बटे दोनशे पन्नासच्या खाली जाऊ नोको. पान हालते." गिऱ्हाईक मान हलवतं आणि औषध किती पाण्यात टाकायचं हे विचारायचं विसरून घरी जातं.

त्याचा वेश ठरलेला आहे. अंगात खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, गाव दुपारी दारं लावून कूलरसमोर पडलेलं असतं, तेव्हाही ते जाकीट त्याच्या अंगात असतं. खिशांमध्ये लेन्स पुसायचं फडकं, धूळ उडवायचा रबरी फुगा, राखाडी पुठ्ठा, दोन जास्तीच्या बॅटऱ्या आणि ओल शोषणाऱ्या पुड्या. काटोलात आणि मेमध्ये ओल कुठून येणार, हा प्रश्न त्याला विचारू नये. पाठीवर बॅग. ती तो उघडतो तेव्हा लग्नात आलेली भांडी मांडावीत तसा सगळा संसार आधी सतरंजीवर मांडतो, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी निघतो. तोवर ज्याचा फोटो काढायचा होता ते मूल झोपी गेलेलं असतं.

कॅमेरा त्याने २०१२ च्या सुरुवातीला घेतला. त्या वर्षी आंबिया बहाराला भाव बरा लागला होता आणि वहिनींनी कपडे धुण्याचं मशीन मागितलं होतं. तो नागपूरला मशीन आणायला गेला आणि कॅमेरा घेऊन आला. "हेबी मशीनच आहे," असं तो दारातच म्हणाला म्हणतात. वहिनींनी त्याला त्या दिवशी काय उत्तर दिलं हे गल्लीत सगळ्यांना पाठ आहे, पण छापण्याजोगं नाही.

आणि त्याच वर्षी, २२ मे २०१२ ला, दुपारी दोनच्या सुमारास काटोलवर आभाळातून दगड पडले. ही थाप नाही. मोठा धमाका झाला, लोक घराबाहेर आले आणि गावात, आसपासच्या शिवारात काळ्या सालीचे दगड सापडायला लागले. तो उल्कापात होता. भूवैज्ञानिक येऊन तुकडे गोळा करून गेले. सगळे मिळून तेरा किलोंच्या आसपास भरले. शास्त्राच्या जगात त्या दगडांचं नाव आजही 'काटोल' असंच आहे. पुढे त्यांच्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज आढळलं, जे एरवी पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असतं आणि कुणाच्या हाताला लागत नाही. एवढी अपूर्व गोष्ट दाराशी चालून आली तेव्हा गल्लीतला एकमेव कॅमेरावाला काय करत होता? तो मॅन्युअल वाचत होता. प्रकरण होतं वेगवान वस्तूंचं छायाचित्रण. आवाज ऐकून तो उठला, बॅग उघडली, कोणती लेन्स लावावी याचा विचार केला, आणि बाहेर आला तेव्हा लोक दगड दाखवून घरी परत चालले होते. यात आपली चूक आहे असं त्याला अजून वाटत नाही. "आन दिसली असती तरी काय? माह्यापाशी तवा दोनशेची लेन्स कोठी होती?"

त्या दिवसापासून त्याने ठरवलं की रीतसर शिकायचं.

शिबिरभाऊचं शिक्षण समजून घ्यायचं तर फोटोग्राफीच्या कार्यशाळेची घडण माहीत हवी. दोन दिवसांची कार्यशाळा असते. पहिल्या दिवशी सभागृहात पडद्यावर त्रिकोण काढून दाखवतात. एका कोपऱ्यात अ‍ॅपर्चर, दुसऱ्यात शटर स्पीड, तिसऱ्यात आयएसओ. प्रकाश आत किती मोठ्या भोकातून येतो, किती वेळ येतो आणि आतला सेन्सर त्याला किती दाद देतो, एवढाच तो मामला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर नेतात आणि फोटो काढायला लावतात. शिबिरभाऊ पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे फवारणी असते, नाहीतर मामेभावाच्या पोरीचं साक्षगंध, नाहीतर व्यापारी बगिचा बघायला येणार असतो. मग पुढच्या कार्यशाळेला तो पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो, कारण मधूनच शिकणं त्याला पटत नाही. परिणाम असा की साऱ्या नागपूर जिल्ह्यात पहिल्या दिवसाचा एवढा मोठा जाणकार दुसरा नाही. व्याख्याता एखादा मुद्दा विसरला तर शिबिरभाऊ मागून आठवण करून देतो. एकदा व्याख्यात्याची गाडी उशिरा आली, तेव्हा तासभर त्यानेच त्रिकोण शिकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा त्याही दिवशी बॅगेतच होता.

बाहेर नेणारी शिबिरंही त्याने केली आहेत, नाही असं नाही. ताडोबाला गेला तेव्हा लेन्स बदलत असताना वाघाने रस्ता ओलांडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, महालातल्या गल्ल्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि देशभरातून आलेले फोटोग्राफर भिंतींवर चढून बसलेले असतात. तिथे त्याने गर्दीत कॅमेऱ्याला धक्का लागू नये म्हणून तो दिवसभर प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरला. धक्का लागला नाही.

मोठ्या शहरातली ही शिबिरं मी लांबून पाहिली आहेत, आणि माझं मत त्यांच्याविषयी फारसं बरं नाही. ऐंशी माणसं, एक मॉडेल. ती बिचारी कारंज्याच्या कठड्यावर हनुवटीखाली हात घेऊन बसलेली आणि समोर ऐंशी कॅमेरे. शेजाऱ्याचं कोपर नाही असा फोटो एकाही माणसाला मिळत नाही. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटतात, लॅमिनेट केलेली. समारोपाचा समूहफोटो हॉटेलच्या वेटरला काढावा लागतो, कारण फोटोत सगळ्यांनाच यायचं असतं. दिवसभरातला सगळ्यात नीट फोटो बहुधा तोच असतो.

फोटोग्राफी वर्गात बसून शिकण्याचा प्रघात तसा आपल्याकडे जुना आहे. दागेरच्या फोटो काढण्याच्या पद्धतीची पॅरिसमध्ये घोषणा झाली १८३९ साली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले आणि मुंबईतल्या पहिल्या नामवंत देशी छायाचित्रकारांपैकी एक झाले. मला खात्री आहे की त्या वर्गातही एक शिबिरभाऊ असणार. तेव्हाच्या पद्धतीत काचेवर कलोडियन ओतून ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटोही काढायचा आणि धुवायचाही. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आपला गडी तिवईचे पाय सारखे करत बसला असेल आणि काच वाळून गेली असेल. त्याचं नाव इतिहासात नाही, कारण त्याचा फोटोच नाही.

काटोलातला वर्ग मात्र निराळा आहे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुना स्टुडिओ आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर काश्मीर. समोर लाकडी खुर्ची, तिच्यावर तालुक्यातल्या दोन पिढ्या पाठ ताठ करून बसून गेल्या. स्टुडिओवाले काकाजी सत्तरीला आलेले. त्यांची उमेदवारी याशिकाच्या दोन भिंगांच्या पेटीकॅमेऱ्यावर झाली. वरच्या झाकणातून खाली वाकून बघायचं, आणि एका रोलवर चौकोनी फोटो निघायचे बारा. तेरावा नाही. रोल धुवायच्या रसायनाला वीस अंशांचं पाणी लागतं असं डब्यावर छापलेलं असायचं. उन्हाळ्यात काटोलच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं, म्हणून काकाजी आइसकांडीवाल्याकडून बर्फ आणून त्यात बाटल्या ठेवायचे आणि लाल बल्बच्या उजेडात घाम पुसत लोकांचे चेहरे पाण्यातून वर काढायचे. "बर्फ संपला तं फोटो दुसऱ्या दिवशी," असा नियम होता. पुढे पेन्सिलीने निगेटिव्हवरचे देवीचे व्रण बुजवण्यात त्यांचा हात इतका सफाईदार झाला की मुलीच्या फोटोसाठी वर्ध्याहून माणसं यायची. लग्न जमल्यावर पुन्हा यायची, भांडायला.

आता पासपोर्ट फोटो लोक मोबाइलवर काढतात आणि आधारवाले आपला कॅमेरा आपण घेऊन बसतात. म्हणून काकाजींनी रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. स्टुडिओत काकाजींना सोडून चारच माणसं मावतात, म्हणून वर्ग चार जणांचा. फी इतकी कमी की पावती मागायला लाज वाटावी, आणि त्यात चहा व तर्रीपोहे धरलेले. प्रमाणपत्र नाही. शिबिरभाऊने पहिल्याच रविवारी ते मागितलं होतं. काकाजी म्हणाले, "फोटो आला का नाई हे फोटो सांगते. कागद कायले पायजे?"

चारांपैकी एक जागा शिबिरभाऊची. उरलेल्या तिघांना फोटोग्राफीची काडीची आवड नव्हती, नड होती. एक जण विजेच्या मीटरचं रीडिंग घेणारा. मीटरचा फोटो काढायचा आणि तो बिलावर छापून येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. काय दिसतं हेही पाहिलं आहे. "काकाजी, आकड्याच्या जागी माहं पोट छापून येऊन राहिलं. लोक बिल घेऊन भांडाले येतात." दुसरी अंगणवाडीताई. तिला पोरांचे, खिचडीचे, हात धुण्याचे फोटो मोबाइलवरून वर पाठवायचे असतात आणि पोरांचे चेहरे काळे येतात. तिसरा शेतकरी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. सातबाऱ्यावर पीक चढवायचं तर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा. याच्या फोटोत संत्र्याच्या झाडापेक्षा त्याची स्वतःची सावली मोठी यायची. माझ्या मते आज तालुक्यात फोटो काढण्याचं खरं ओझं आहे ते अशा माणसांवर, जाकीटवाल्यांवर नाही.

काकाजींचा पहिला धडा म्हणजे टेबलावर एक संत्रा. उत्तरेच्या खिडकीशेजारी टेबल, आणि थर्माकोलचा एक पत्रा, मखरातून उरलेला, बंदीच्या आधीचा. पहिला फोटो समोरून फ्लॅश मारून. संत्र्याचा नुसता केशरी गोल आला, साल गायब. मग फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने. आता सालीवरची बारीक भोकं दिसायला लागली, देठाजवळचा फुगवटा दिसला, आणि उलट्या बाजूला काळोख. मग त्या बाजूला थर्माकोल धरला. काळोखात गेलेला संत्रा हळूहळू परत आला. शेतकरी म्हणाला, "हा तं फोफशा संत्रा आहे. साल सुटली आहे याची." काकाजींनी टेबलावर हात मारला. फोटो बघून माल ओळखता आला, म्हणजे फोटो चांगला. त्यांच्याकडे परीक्षा एवढीच.

नियमही कडक. प्रत्येकाला बारा फोटो, रोलच्या हिशेबाने. मोबाइलवाल्यांना मधे गॅलरी उघडायची बंदी आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर जखमेला लावतात ती पांढरी पट्टी. झूमची लेन्स असेल तर तिच्या कड्यालाही पट्टी. "जवळ पायजे असन तं पाय चालव." बारा झाले की सगळ्यांचे फोटो जुन्या कॉम्प्युटरवर लावायचे आणि काकाजी प्रत्येकाखाली एकच प्रश्न विचारणार, "काय दिसते?" जे दिसतं तेच सांगायचं, जे दाखवायचं होतं ते नाही. या प्रश्नापुढे भले भले गार पडतात. मोठ्या सभागृहात माणूस शेजाऱ्याच्या पाठीमागे लपू शकतो. चार माणसांच्या खोलीत बारापैकी अकरा फोटो हललेले निघाले की खुर्चीखाली जायलाही जागा नसते. तास संपता संपता रीडिंगवाल्याला कळलं की काचेसमोर सरळ उभं राहिलं की काच आपल्यालाच दाखवते, थोडं तिरकं व्हायचं आणि दुसऱ्या हाताने वरचा उजेड अडवायचा. ताईला कळलं की पोरं दाराकडे पाठ करून उभी केली तर चेहरा काळाच येणार. आपण दारात जायचं आणि पोरांना आपल्याकडे बघायला सांगायचं. अ‍ॅपर्चर हा शब्द तोवर खोलीत कुणी काढलेला नव्हता.

एक सोडून. शिबिरभाऊने तिवई आणली होती. ती उभी करायला खोलीत जागा दाराचीच होती, त्यामुळे चहावाला पोऱ्या बाहेर अडकला. तिवईवरच्या पाण्याच्या बुडबुड्यात पातळी बघण्यात थोडा वेळ गेला. मग त्याने राखाडी पुठ्ठा काढून व्हाइट बॅलन्सचा विषय काढला, की कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय हे आधी सांगितलं नाही तर तो केशरी रंगाला घाबरून सगळं निळसर करून टाकतो. हे खोटं नाही. पण मग तो सेन्सरवर गेला. "काकाजी, हा फुल फ्रेम नाही. दीडचा क्रॉप आहे. मंजे पन्नासची लेन्स पंच्याहत्तरची वागते."

"वागू दे नं बाप्पा," काकाजी म्हणाले. "तू कायले तिच्या वागणुकीचा घोर लावून घेतं?"

तेवढ्यात शेतकऱ्याने, हात रिकामे होते म्हणून, सवयीने तो संत्रा सोलला. एक फोड तोंडात टाकून म्हणाला, "आंबियाचा आहे. अजून आंबट आहे." शिबिरभाऊच्या कॅमेऱ्यापुढे टेबल उरलं.

तो खचला नाही. खचणं त्याच्या स्वभावात नाही, कारण त्याला प्रत्येक वेळी एखाद्या थोर माणसाचा आधार सापडतो. म्हणाला, "घाई करून फोटो होत नाही. कार्तिए-ब्रेसाँ नेमक्या क्षणासाठी थांबायचा."

"त्याच्यापाशी लेन्सा किती होत्या?"

"बहुतेक फोटो पन्नासच्या एकाच लेन्सवर."

"मंग तुह्यापाशी चार कायले?"

शिबिरभाऊने मोर्चा वळवला. "फाळक्यांचं घ्या. सिनेमा काढाच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपट्यावर रोज थोडी थोडी फ्रेम घेऊन 'अंकुराची वाढ' केली. किती धीर धरला असेल!"

"धरला," काकाजी म्हणाले. "पन रोज काढत तं होते!"

घरची बाजूही सांगायला हवी, नाहीतर वहिनींवर अन्याय होईल. त्यांच्या बैठकीत एका भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत, फ्रेम केलेली, एका उंचीवर, बुडबुडा लावून. समोरच्या भिंतीवर त्याच्या बाबूजींचा एकच फोटो, तो काकाजींनी याशिकावर काढलेला. मधे टीव्ही. बाकी घरातलं जे काही फोटोत उतरलं आहे, पोरांचे वाढदिवस, तान्ह्या पोळ्याला सजवलेला लाकडी बैल, संत्र्याचे भरलेले क्रेट, ते सगळं वहिनींच्या मोबाइलमध्ये आहे. काचेला तडा गेलेला मोबाइल. त्यांनी एकही कार्यशाळा केलेली नाही.

गेल्या गारपिटीची गोष्ट तर गावात अजून सांगतात. फेब्रुवारीचा शेवट, मृगाची फळं तोडणीला आलेली आणि आंबियाचा फुलोरा झाडावर. दुपारी दहा मिनिटं गारा पडल्या आणि झाडाखाली फुलांचा आणि फळांचा सडा झाला. फळपीक विम्यात गारपिटीचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं असतं. शिबिरभाऊ त्या दिवशी प्रथमच कॅमेरा काढून तडक बगिच्यात गेला. लोकांना वाटलं, आता तरी. तिथे जाऊन त्याने वर बघितलं आणि कॅमेरा खाली घेतला.

"ऊन कडक आहे. सावल्या काळ्या येतीन. साडेपाचला मऊ उजेड भेटते, तवा काढू."

"अजी, गारा का साडेपाचलोक थांबतीन तुमच्यासाठी?" वहिनींनी विचारलं. त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. मोबाइल काढला, झाडाखालच्या गारा हातात घेऊन काढल्या, फुटलेलं फळ जवळून काढलं, सगळी ओळ दिसेल असा एक लांबून, आणि शेजारच्या बांधावरचा खांब धरून एक, म्हणजे जागा ओळखू यावी. घरी येऊन माहिती भरली, फोटो चढवले आणि स्वयंपाकाला लागल्या. साडेपाचला मऊ उजेड खरंच पडला. शिबिरभाऊने तिवई लावली. गारा वितळल्या होत्या आणि पडलेली फळं मजुरांनी गोळा करून बांधावर टाकली होती. त्याने रिकाम्या, ओल्या जमिनीचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघितला. उत्तम होता, असं तो सांगतो.

इतकं सगळं झाल्यावर कुणीही माणूस एखादा फोटो काढतोच, आणि शिबिरभाऊनेही एक काढला. श्रेय काकाजींचं. एका रविवारी त्यांनी त्याच्या हातातून कॅमेरा घेतला, वरची चकती 'ऑटो'वर फिरवली, चकतीवर पांढरी पट्टी लावली, तिवई बाहेर नेऊन पोऱ्याच्या हवाली केली, जाकीट उतरवायला लावलं आणि त्याला रस्त्यावर उभा केला. "वीस मोजतो. विसाच्या आत दाब." समोरून संत्र्याच्या क्रेटांनी भरलेली छोटी गाडी येत होती आणि मागे क्रेटांवर बसलेला पोरगा आडव्या उन्हात डोळे किलकिले करून संत्रा खात होता. अठराला शटरचा आवाज झाला.

तो फोटो मी पाहिला आहे. पोराच्या हनुवटीवरून रस ओघळताना दिसतो, मागे उडालेली धूळ उन्हाने पेटलेली आहे आणि क्रेटांची रांग तिरकी धावत चौकटीबाहेर जाते. काकाजींनी आपला प्रश्न विचारला, "काय दिसते?" चौघांपैकी कुणी काही बोललं नाही. ताईने फक्त तो आपल्याला पाठवायला सांगितलं.

शिबिरभाऊचा चेहरा मात्र पडला होता. "हा माहा नाही. हा ऑटोवर आला आहे, मंजे कंपनीचा." त्याने फोटोची सगळी माहिती उघडून बघितली. कॅमेऱ्याने आपल्या मनाने अ‍ॅपर्चर ५.६ घेतलं होतं आणि शटर एक बटे आठशे. याला न विचारता. तो दिवसभर अस्वस्थ होता. संध्याकाळी त्याने नागपुरातल्या एका नव्या शिबिराला नाव नोंदवलं, मॅन्युअलवर तसाच फोटो कसा काढायचा हे शिकायला. शिबिर दोन दिवसांचं आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे फवारणी आहे.

रीडिंगवाल्याची आता कुणाशी भांडणं होत नाहीत. या वेळी आमच्या बिलावर आकडे स्वच्छ वाचता आले. त्यामुळे बिल किती आलं हेही कळलं, पण तो दोष फोटोग्राफीचा नाही.

काकाजींचा वर्ग अजून चालतो. एक जागा कायमची गेलेली आहे, तीन मिळू शकतात. यायचं असेल तर रविवारी सकाळी साडेसातच्या आत या. उशिरा आलात तर दारात तिवई लागलेली असते. कॅमेरा नसला तरी चालेल. संत्रा मात्र आपापला आणा, आणि शेतकऱ्याच्या शेजारी बसू नका.